गणितात त्रेपन्न आणि ईएनटीसीचा फॉर्म

दहावीला मला ७८ टक्के पडले आणि गणितात शंभरपैकी ५३. त्या ५३ मधले १९ शाळेच्या हातातले, अंतर्गत. म्हणजे बीजगणित आणि भूमिती मिळून ऐंशीपैकी ३४. निकाल लागला ८ जून २०१९ ला, आणि त्या आठवड्यात घरी जो येईल तो एकच सांगून जायचा की हिला आर्ट्सला घाला. आता इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनमधलं, म्हणजे ईएनटीसीचं, माझं बी.ई. २०२५ मध्ये पूर्ण झालंय. सीजीपीए सांगण्यासारखा नाही, पण बॅकलॉगही शिल्लक नाही.

दर जूनमध्ये नात्यातल्या, शेजारपाजारच्या पोरांचे फोन येतात, "ताई, गणित जमत नाही, ईएनटीसी घेऊ का?" फोनवर अर्ध्या तासात हे सांगून होत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय.

मी बार्शीची. आप्पांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळाल्या की आमच्याकडं येतात. तांब्याच्या तारेचं काम आप्पा बोलता बोलता करतात. पण मी आठवी-नववीत असताना मोटारीसोबत दुसऱ्याही वस्तू यायला लागल्या. स्टार्टरमधलं ऑटोचं कार्ड, एक फेज गेली की मोटार बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, सिमकार्ड घालायचा मोबाईल स्टार्टर. कार्ड गेलं की आप्पा ते उपटून नवं बसवायचे आणि जुनं कोपऱ्यातल्या डब्यात. "ह्यात काय दुरुस्त करायचं, बदलून टाकायचं," असं त्यांचं म्हणणं. मला तो डबा उपसायला आवडायचं. इलेक्ट्रॉनिक्सकडं जायचं माझं कारण एवढंच होतं. त्यात गणित कुठं आणि किती लागतं याची मला कल्पना नव्हती, आणि घरात सांगणारंही कुणी नव्हतं.

डिप्लोमाला जायचं ठरलं ते अकरावी सायन्स टाळण्यासाठी. बारावीचं गणित, त्यावर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची सीईटी, आणि सीईटीत गणिताच्या एकेका प्रश्नाला दोन गुण. हे ऐकूनच मी मागे सरले. डिप्लोमाला मात्र प्रवेश दहावीच्या टक्क्यांवर मिळतो, पात्रतेला ३५ टक्के पुरतात, प्रवेश परीक्षा नाही. तंत्रशिक्षण संचालनालयाच्या साईटवर नोंदणी केली, सुविधा केंद्रावर कागद तपासून घेतले, गुणवत्ता यादी लागली, पर्याय भरले आणि सोलापुरात ईजे मिळालं. एमएसबीटीई या डिप्लोमाच्या परीक्षा मंडळाच्या भाषेत ईजे म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. शासकीय तंत्रनिकेतनाची फी तेव्हा वर्षाला दहा हजारांच्या आत होती, त्यामुळं आप्पांनी फार विचार केला नाही.

पहिल्या सत्रात बेसिक मॅथेमॅटिक्स. सत्तरचा पेपर, पास व्हायला २८. मला ३१ पडले. दुसऱ्या सत्रात अप्लाइड मॅथेमॅटिक्स सुरू झालं, कॅल्क्युलसमधलं डेरिव्हेटिव्ह संपवून इंटिग्रेशनला हात घातला, आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. त्या उन्हाळ्यात आमची लेखी परीक्षा झालीच नाही. आधीचे गुण आणि अंतर्गत गुण धरून सगळ्यांना पुढं पाठवलं. त्यानंतरच्या परीक्षा घरून, मोबाईलसमोर बसून, चार पर्यायांतून एक निवडायच्या. ज्या विषयाची मला सर्वांत जास्त धास्ती होती, त्याची खरी परीक्षा मी दिलेलीच नव्हती. मार्कशीटवर मात्र त्यात ६४ दिसत होते.

निर्णयाची खरी वेळ आली २०२२ च्या उन्हाळ्यात, शेवटच्या सत्रात. त्या वेळी पेपर पुन्हा कॉलेजात बसून द्यायचे होते. समोर दोन वाटा होत्या. पहिली, चाकण-भोसरीकडं अप्रेंटिस म्हणून लागायचं. डिप्लोमा अप्रेंटिसला नियमानं तेव्हा किमान ८,००० रुपये विद्यावेतन होतं, काही कंपन्या त्याहून जास्त देत होत्या. दुसरी, डायरेक्ट सेकंड इयर. डिप्लोमाच्या टक्क्यांवर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मंजूर जागांवर दहा टक्के जागा डिप्लोमावाल्यांसाठी जादा असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यातच येतात. त्यामुळं प्रवेश मिळणं अवघड नव्हतं. अवघड होतं पुढचं.

एम थ्री. इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स तीन. डायरेक्ट सेकंड इयरला जाणाऱ्या कुठल्याही डिप्लोमावाल्याला विचारा. बारावीवाल्या मुलांचे एम वन आणि एम टू पहिल्या वर्षी होऊन गेलेले असतात. आपण दोन्ही न करता थेट एम थ्रीच्या वर्गात जाऊन बसतो. आमच्या आधीच्या बॅचमधला एक सिनियर तर म्हणाला, "पोरी, तू ईएनटीसीला जाशील, पण एम थ्री तुला बीईपर्यंत सोडायचा नाही."

मी घाबरले, पण त्याच वेळी मनात आलं की हे सगळे 'गणित कच्चं' म्हणतात म्हणजे नेमकं काय कच्चं? मला इंटिग्रेशन येत नाही, की इंटिग्रेशनपर्यंत पोचेस्तोवर मी चुकते? की येतं, पण वेळेत होत नाही? हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि मीही तपासलं नव्हतं.

पॉलिटेक्निकच्या गणिताच्या मॅडमना भेटले. त्यांनी सल्ला वगैरे काही दिला नाही. फळ्यावर दहा उदाहरणं लिहिली, चार डेरिव्हेटिव्हची, चार इंटिग्रेशनची, दोन साध्या डिफरन्शिअल इक्वेशनची. म्हणाल्या, "वेळ लावू नको घड्याळाची. सूत्रांचा कागद जवळ ठेव. सोडव आणि खोडरबर अजिबात वापरू नको, चुकलं तर रेघ मारून पुढं लिही." दुसऱ्या दिवशी कागद घेऊन गेले. त्यांनी उत्तर बरोबर की चूक हे पाहिलंच नाही, प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत जिथं गाडी रुळावरून घसरली तिथं लाल गोल केला. गोल होते बारा-तेरा. त्यातले इंटिग्रेशनच्या पद्धतीतले दोनच. बाकी सगळे कंस सोडवताना, अपूर्णांकांची बेरीज करताना, एका बाजूची संख्या दुसरीकडं नेताना चिन्ह बदलायचं राहिलं तिथं.

"तुझं कॅल्क्युलस बरं आहे गं. सातवी-आठवी राहिलीय तुझी," मॅडम म्हणाल्या.

हसू आलं आणि लाजही वाटली. पण सातवी-आठवीचं गणित एका उन्हाळ्यात पुन्हा करता येतं. ई-बालभारतीच्या साईटवर सगळ्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. शेवटचा पेपर झाल्यावर मी सातवी ते दहावीची गणिताची पुस्तकं उतरवून घेतली आणि दुकानात आप्पांच्या टेबलाच्या कडेला बसून करायला लागले. गिऱ्हाईक यायचं, वही बघायचं, आप्पांकडं बघायचं. डिप्लोमा झालेली मुलगी बहुपदींचे अवयव पाडतेय हे बघून एकानं विचारलंसुद्धा, "शिकवणी घेतीस का?" हो म्हटलं. वर्गसमीकरणं, घातांक, त्रिकोणमितीतली नित्यसमीकरणं, याच्या पलीकडं गेले नाही. ज्याला ही पोस्ट अर्धीच वाचायची असेल त्यानं एवढं करावं, आपल्या चुकलेल्या उत्तरांत चूक कुठल्या ओळीत झाली ते दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं. आपलं आपल्याला दिसत नाही.

याच सुमारास दुसरं काम केलं. पुणे विद्यापीठाच्या साईटवरून ईएनटीसीच्या दुसऱ्या ते चौथ्या वर्षाचा २०१९ पॅटर्नचा अभ्यासक्रम उतरवला आणि प्रत्येक विषयापुढं पेन्सिलीनं लिहीत गेले, यात गणित किती. मला वाटलं होतं सगळीकडं असेल. तसं निघालं नाही. एम थ्री आहेच. त्याशिवाय सिग्नल्स अँड सिस्टिम्स, कंट्रोल सिस्टिम्स, डिजिटल कम्युनिकेशन, इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड थिअरी आणि शेवटच्या वर्षी रेडिएशन अँड मायक्रोवेव्ह, हे गणितावर उभे. इलेक्ट्रिकल सर्किट्समध्ये समीकरणं सोडवायची असतात, पण ती बहुतेक नववी-दहावीच्या वळणाची. डिजिटल सर्किट्समध्ये शून्य-एकाचं बूलियन बीजगणित, ते मला डिप्लोमातच आवडलं होतं. डेटा स्ट्रक्चर्स, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, मायक्रोकंट्रोलर्स, डेटाबेस, चिप डिझाइनचं व्हीएलएसआय, यांत डोकं लागतं, पण कॅल्क्युलस जवळपास नाहीच. म्हणजे गणिताची दहशत ज्यांची, ते पाच-सहा विषय. त्यातले दोन-तीन एका सत्रात आले तर दम लागणार, हे मी आधीच धरून चालले.

अभ्यासक्रम वाचूनही एक शंका राहिली होती. गणित आलं तरी ते कळेल का? डिप्लोमात एक्स्पोनेन्शिअल फंक्शन शिकलो होतो, ई म्हणजे २.७१८ हे पाठ होतं, बास. दुकानातल्या डब्यात १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर सापडला. १०० किलोओहमचा रेझिस्टर घेतला, नऊ व्होल्टची बॅटरी, मल्टिमीटर. ओहम आणि फॅरड यांचा गुणाकार केला की उत्तर सेकंदात येतं, इथं दहा सेकंद. पुस्तक म्हणतं तेवढ्या वेळात कपॅसिटर ६३ टक्के भरतो, म्हणजे साधारण ५.७ व्होल्ट. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून बसले. ५.७ ला पोचायला बारा सेकंद लागले. असल्या कपॅसिटरवर छापलेली किंमत वीस टक्के इकडं-तिकडं असू शकते हे नंतर कळलं. पण सुरुवातीला भराभर चढणारा आणि नऊच्या जवळ गेल्यावर रेंगाळणारा तो आकडा बघितल्यावर वहीतली वक्ररेषा मला पहिल्यांदा ओळखीची वाटली. आप्पा पण बघत उभे होते. "टायमर असाच चालतो व्हय?" असं म्हणाले. स्टार-डेल्टा स्टार्टरचे कितीतरी टायमर त्यांनी आजवर बसवलेत.

लॉगॅरिदमचंही तसंच. डेसिबल कळेपर्यंत ते मला उगाच छळ वाटायचं. ताकद दहापट झाली की दहा डेसिबल, शंभरपट झाली की वीस, दुप्पट झाली की सुमारे तीन. मोबाईलच्या सेटिंगमध्ये सिग्नल उणे नव्वद डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल) दाखवतो, ती ताकद असते एका वॅटचा अब्जावा भाग, आणि त्याचाही हजारावा. असल्या संख्यांचे गुणाकार करत बसण्यापेक्षा बेरजा केलेल्या बऱ्या, यासाठी लॉग. सुरुवातीलाच कुणी हे सांगितलं असतं तर...असो.

जून संपता संपता मी हो म्हटलं. चिंचवडला राहणारा आतेभाऊ मात्र विरोधात होता. तो पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात आहे. म्हणाला, "तीन वर्षं आणि दोन-अडीच लाख घालवण्यापेक्षा आता लाग कामाला, कंपनीतून पुढं शिकता येतं." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्याच वाटेनं गेली आणि बरी चाललीयत. मला मात्र कार्ड बदलण्याच्या पुढं जायचं होतं, आणि नोकरी लागल्यावर मी पुन्हा गणिताला हात लावणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

आता कागदपत्रांचं. निकाल जुलैत लागला, मला ८१ टक्के मिळाले. डायरेक्ट सेकंड इयरच्या नोंदणीला डिप्लोमाची मार्कशीटं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, सवलत घ्यायची असेल तर उत्पन्नाचा दाखला, आणि ज्याला लागू असेल त्याला जातीचे कागद. अधिवासाचा दाखला आपले सरकारच्या साईटवरून किंवा सेतूतून काढता येतो, तेव्हा पावती ३३ रुपये ६० पैशांची होती. मुदत पंधरा दिवसांची असली तरी जून-जुलैत सगळं गाव रांगेत असतं, त्यामुळं एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. आरक्षणातून जाणाऱ्यांनी जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेअरकडं आधी बघावं. नॉन-क्रीमी लेअरची मुदत ३१ मार्चला संपते, आणि जुनं प्रमाणपत्र घेऊन केंद्रावर आलेली मुलं दर वर्षी परत जातात.

कागद घरूनही अपलोड करून तपासून घेता येतात, पण मी मुद्दाम सुविधा केंद्रावर गेले. माझ्या शाळेच्या दाखल्यावर नाव आणि आडनाव यांचा क्रम मार्कशीटपेक्षा वेगळा होता. घरून भरलं असतं तर त्रुटी म्हणून परत आलं असतं, मग पुन्हा अपलोड, पुन्हा वाट. केंद्रावरच्या सरांनी दोन मिनिटांत बघून पुढं सरकवलं. तुमच्या कागदांत असलं काही असेल तर प्रत्यक्ष जा.

पर्याय भरताना माझा एकच नियम होता. जिथं जागा मिळाली तर खरंच जाईन, तेच कॉलेज यादीत घालायचं. बरोबरच्या मुलांनी पहिले सगळे पर्याय कॉम्प्युटरचे घातले आणि खाली ईएनटीसी. हे सर्रास चालतं, कारण ईएनटीसीवाल्यांनाही आयटी कंपन्या घेतात. पण गणित कच्चं असताना, इलेक्ट्रॉनिक्सची आवड नसताना, निव्वळ कॉम्प्युटर हुकलं म्हणून ईएनटीसी घेणं मला शहाणपणाचं वाटत नाही. सिग्नल्सचा पेपर असल्यावर आवड हीच एक गोष्ट खुर्चीत बसवून ठेवते.

पहिल्या फेरीत सोलापूरच मिळालं, ते फ्रीझ, म्हणजे पक्कं, न करता थांबले. दुसऱ्या फेरीत पुण्यातलं खासगी कॉलेज. जागा स्वीकारायचे १,००० रुपये ऑनलाईन भरले आणि प्रत्यक्ष प्रवेशाच्या दिवशी ६२ हजार. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, त्यामुळं राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत निम्मी ट्यूशन फी कमी झाली. तिचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर वेगळा भरावा लागतो, आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. मुलींसाठी आता त्याहून बरं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घटकांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कॉट बेसिसवर राहायचे मला तेव्हा महिना साडेतीन हजार आणि मेसचे तीन हजार लागायचे, हा खर्च मात्र कुठल्याच योजनेत धरू नका. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज जरूर करा, पण पैसे येतील तेव्हा येतील.

वर्गात पोचले तेव्हा नेहमीच्या मुलांचा बराच अभ्यासक्रम होऊन गेला होता. डिप्लोमावाल्यांचे प्रवेश उशिरा होतात, कॉलेज आपल्यासाठी थांबत नाही. एम थ्रीचा पहिला भाग, लिनियर डिफरन्शिअल इक्वेशन्स, संपत आलेला. दुसरा, फूरिए आणि झेड ट्रान्सफॉर्म, सुरू. मागचं भरून काढायचा ब्रिज कोर्स वेळापत्रकात होता, प्रत्यक्षात त्या तासाला दुसरंच काहीतरी व्हायचं. इनसेम, म्हणजे सत्राच्या मधली परीक्षा, तीस गुणांची आणि नेमकी याच दोन भागांवर. मला ८ पडले. तेरा जण आमचे डिप्लोमावाले होते, सगळ्यांची तीच गत. रात्री होस्टेलच्या गच्चीवर बसून आम्ही दोघी-तिघींनी रडून घेतलं, मग मेस बंद व्हायच्या आत जेवून आलो.

पास व्हायला शंभरात चाळीस. म्हणजे सत्तरच्या एंडसेममध्ये, सत्राअखेरच्या पेपरात, मला ३२ हवे होते. एंडसेमला उरलेले चार भाग, न्यूमेरिकल मेथड्स, व्हेक्टरचे दोन आणि कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स. हे भाग वर्गात सगळ्यांनाच नवीन असतात, तिथं बारावीवाला आणि डिप्लोमावाला एकाच रेषेवर उभे. हे लक्षात आल्यावर मी मागचं भरून काढायचं सोडलं आणि पुढच्यात वेळ घातला. न्यूमेरिकल मेथड्स हा तर कॅल्क्युलेटरचा भाग. न्यूटन-रॅफसन, रुंगे-कुट्टा, पायऱ्या ठरलेल्या, आकडे टाकत जायचं. माझ्या कंस-अपूर्णांकांच्या सवयीला इथं कॅल्क्युलेटरनं सांभाळून घेतलं. चांगला सायंटिफिक कॅल्क्युलेटर हजार-दीड हजाराला येतो, कॅसिओच्या ९९१ मालिकेतला घ्या आणि त्यातला कॉम्प्लेक्सचा मोड पहिल्या आठवड्यात शिकून घ्या. सर्किट्सच्या पेपरलाही तोच उपयोगी पडतो. व्हेक्टरसाठी मागच्या चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेतल्या आणि रोज सकाळी कॉलेजआधी एक उदाहरण, पुस्तक न बघता, तेच उदाहरण येईपर्यंत. एम थ्री पहिल्याच खेपेला निघाला, ४५ गुणांनी. सिनियरला फोन करून सांगितलं नाही, पण मनात आलं होतं.

त्याच्या पुढच्या सत्रात सिग्नल्स आणि कंट्रोल सिस्टिम्स एकत्र आले. पेन्सिलीच्या खुणांमुळं हे आधीच माहीत होतं, म्हणून त्या सत्रात मी कुठल्या स्पर्धेत-बिर्धेत नाव दिलं नाही. कन्व्होल्यूशन, म्हणजे दोन सिग्नल एकत्र करायची क्रिया, मला समजलं ते कागदाच्या पट्ट्यांवर. एका पट्टीवर एक क्रम, दुसऱ्या पट्टीवर दुसरा उलटा लिहायचा, आणि एकेक घर सरकवत समोरासमोर येतील त्यांचे गुणाकार करून बेरीज. दहा मिनिटांत कळतं. आलेख बघायचे असतील तर सायलॅब किंवा ऑक्टेव्ह हे सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेता येतं, मॅटलॅब विकत घेण्याची गरज नाही. कंट्रोल सिस्टिम्समध्ये लाप्लास ट्रान्सफॉर्म सतत लागतो, पण तक्त्यावरून काम भागतं.

सगळं जमलं असं मात्र नाही. इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड थिअरी मला आजही कळलेली नाही. मॅक्सवेलची चार समीकरणं लिहून दाखवीन, त्यांचा अर्थ ढोबळपणे सांगीन, पण सीमेवरच्या अटींचं उदाहरण पुढं ठेवलंत तर हात वर. ठरावीक उदाहरणं पाठ करून तो पेपर काढला. अँटेना, मायक्रोवेव्ह, रडार असल्या क्षेत्रात जायचं स्वप्न असेल तर गणिताशी अशी तडजोड चालणार नाही, हे ज्याचं त्यानं आधीच ओळखावं. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचंही तसंच. तिथं इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात शंभरातले तेरा गुण निव्वळ गणिताचे, आणि बाकीच्या विषयांतलं गणित वेगळंच. मी गेट दिली नाही.

आमच्या तेरांपैकी दोघं एम थ्रीमध्ये अडकून वर्षभर मागे पडले, एक जण सोडून नोकरीला लागला. तो आमच्यात सर्किट जुळवण्यात सगळ्यांत हुशार होता. त्याला डिग्री झेपली नाही असं मी म्हणणार नाही. घरून पैशाचा तगादा होता आणि शिकवणी लावायला पैसे नव्हते. अशा वेळी डिप्लोमावर नोकरी धरणं हाच बरा निर्णय असतो.

सध्या मी चाकणला गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक कार्डांच्या टेस्टिंगला आहे. रोज लागणारं गणित म्हणजे ओहमचा नियम, टक्के, टॉलरन्स, सरासरी आणि प्रमाण विचलन, अधूनमधून डेसिबल. इंटिग्रेशन हातानं करायची वेळ अजून आलेली नाही. पण ऑसिलोस्कोपवर एखादी लाट वाकडी दिसली की ती कपॅसिटरमुळं की दुसऱ्या कशामुळं हा अंदाज मात्र त्या पाच-सहा विषयांतूनच येतो.

या जूनमध्ये मावसभावाचा फोन आला, दहावी झालाय, ईजे घेऊ का विचारत होता. त्याला दहा उदाहरणं पाठवली, त्याच्या वर्गाच्या पातळीची, खोडरबर न वापरता सोडव म्हटलं. कागदाचा फोटो आला. त्याच्या चुका माझ्यासारख्या नव्हत्या, बहुतेक उदाहरणं त्यानं सुरूच केली नव्हती. विचारलं तर म्हणाला, "बसवतच नाही ताई. वायरिंगचं काम सांग, दिवसभर करतो." मावशीला जरा वाईट वाटलं, पण आम्ही त्याचा आयटीआयचा फॉर्म भरला, इलेक्ट्रिशियन ट्रेड, दोन वर्षांचा. तो झाल्यावर वाटलं तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. तेव्हा पुन्हा दहा उदाहरणं पाठवीन.